झाडाचा जुना बुंधा न खणता कुजवायचा कसा?

झाड तोडायला येणारी माणसं फांद्या नेतात, ओंडके वखारीत घालतात आणि बुंधा आपल्या दारात सोडून जातात. तो काढायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "जेसीबी बोलवा, अर्ध्या तासात उपटून टाकील." कोल्हापूरजवळ पाचगाव, उचगावकडच्या मोकळ्या प्लॉटात असेल तर खुशाल बोलवा. पण शिवाजी पेठेच्या, मंगळवार पेठेच्या बोळात जेसीबी आत शिरणार कसा? राजारामपुरीत, ताराबाई पार्कात कितीतरी जुन्या घरांची झाडं कंपाउंडच्या भिंतीला चिकटून वाढलेली आहेत. त्यांची मुळं भिंतीच्या पायाखालून, ड्रेनेजच्या पाइपाला विळखा घालून, पाण्याच्या लाइनीवरून गेलेली असतात. बुंध्याला हिसका दिला की भिंतीला तडा जातो, पाइपाचा सांधा निखळतो, आणि बुंध्याच्या खर्चापेक्षा गवंडी आणि प्लंबरचा खर्च वाढतो.

अशा ठिकाणी बुंधा जागेवरच कुजवणं हाच शहाणपणाचा मार्ग. त्याला वेळ लागतो, पण नीट केलं तर हमखास होतं. नीट म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय मात्र सुरुवात करू नका. नुसती भोकं पाडून युरिया ओतला आणि विसरून गेलं, तर दोन वर्षांनीही तो बुंधा तसाच कुऱ्हाडीला टणकन वाजतो.

लाकूड आपोआप कुजत नाही. बुरशी ते खाते. तिला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि नत्र (नायट्रोजन). लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून नत्र वरून द्यावं लागतं, हे सगळे सांगतात. ओल आणि हवा या दोन्ही एकाच वेळी लागतात, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि कोल्हापुरात खरी अडचण तिथंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की बुंध्यातली भोकं पाण्यानं तुडुंब भरतात, हवा संपते आणि बुरशीचं काम थांबतं. मार्च ते मे याच्या उलट: बुंधा खडखडीत वाळतो आणि बुरशी निपचित पडते. म्हणजे लक्ष दिलं नाही तर वर्षातले चार-पाच महिने फुकट जातात. ते वाचवणं हेच या कामातलं खरं कसब.

आधी झाड ओळखा आणि बुंधा जिवंत आहे का पाहा

शेवगा, पांगारा यांचं लाकूड भुसभुशीत असतं. एका पावसाळ्यात ते हाताला मऊ लागतं. गुलमोहर, आंबा यांना दीड-दोन वर्षं धरा. चिंच, बाभूळ, साग यांचा गाभा फार चिवट. त्यांची बाहेरची फिकट कड कुजते, पण मधला गडद गाभा तीन-चार वर्षांनीही शाबूत राहू शकतो. सागाचा बुंधा असेल तर कुजवण्याचा नाद न करता तो जमिनीलगत कापून वर माती ओढून घ्या आणि त्या जागेवर कुंडी ठेवा, असंच मी सुचवीन.

मग नखानं किंवा चाकूनं कडेची साल खरवडून बघा. खाली हिरवट, ओलसर थर दिसला तर बुंधा अजून जिवंत आहे. सुबाभूळ, निलगिरी, करंज, उंबर, पिंपळ हे तोडल्यावर जोमानं फुटतात. अशा बुंध्यावर आधी फुटव्यांचा बंदोबस्त करावा लागतो. फुटवा बोटभर झाला की तो वरून छाटू नका, बुडातून ओरबाडून काढा. दर दहा-पंधरा दिवसांनी हे करत राहायचं. मुळांत साठवलेल्या अन्नावर झाड नवा फुटवा काढत असतं. पानं उघडून ते अन्न परत भरून निघण्याआधी फुटवा मोडला की साठा संपत जातो आणि बुंधा थकतो. सोबत बुंध्याची साल जमिनीपर्यंत सोलून काढा. सालीखालचा थर उघडा पडला की मरण लवकर येतं आणि लाकडात ओलही शिरते.

इथं एक गोष्ट विसरू नका. शहरात जिवंत झाडाला हात लावायचा तर महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडणं म्हणजे फक्त करवत चालवणं नव्हे. जाळणं आणि इजा करणंही त्यात धरलेलं आहे. बुंधा चांगला फुटलेला असेल, किंवा मूळ झाड परवानगी न घेता तोडलेलं असेल, तर काम सुरू करण्याआधी उद्यान विभागात जाऊन विचारून या.

जमिनीलगत कापून घ्या

जमिनीवर जितकं लाकूड कमी, तितकं कुजवायचं कमी. बुंध्याभोवतीची चार-सहा इंच माती खुरप्यानं बाजूला करा, लाकडाला चिकटलेली माती पाण्यानं धुऊन टाका आणि मग चेन सॉवाल्याला बोलवा. माती आणि खडे लागले की साखळीची धार लगेच जाते, म्हणून चांगला कारागीर अशा कामाला आधीच नाक मुरडतो. त्याला साफ बुंधा दाखवलात तर तो खाली वाकून कापून देतो. दोरी बांधायला ठोकलेले खिळे, आत रुतलेली तार, जुना हूक हे सगळं आधी नीट बघून काढा. साखळी खिळ्यावर आदळली तर ती तुटून अंगावर येऊ शकते.

भोकं पाडणं

घरातल्या साध्या ड्रिलवर हे काम होत नाही. १३ मिमी चकचं, कमी वेगावर चालणारं ड्रिल मशीन भाड्यानं आणा आणि लाकडासाठीचं पिळाचं बिट लावा. सुताराचं हाताचं गिरमिट असेल तर तेही चालतं, फक्त अंगात जोर पाहिजे. बिट लांबीला कमी पडत असेल तर शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून सळई जोडून वाढवून घेता येतं.

भोक इंचभर रुंद आणि आठ ते दहा इंच खोल हवं. दोन भोकांत तीन-साडेतीन इंचांचं अंतर ठेवा. दीड फूट व्यासाच्या बुंध्याला साधारण वीस भोकं बसतात. दर दोन इंचांनी बिट बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर बिट आत अडकतं आणि मशीनच उलटं फिरून मनगट पिरगाळतं. म्हणून मशीन दोन्ही हातांनी धरा, आणि बुंधा ओला असताना उघड्या जोडाची वायर वापरू नका.

बाहेर पडणारा भुसा बघत राहा, तो बरंच सांगतो. लांब, पांढरट, चिवट सालपटं निघाली तर लाकूड ताजं आहे. तपकिरी, बोटानं चुरडला जाणारा चुरा निघाला तर आत कुजणं आधीच सुरू झालंय, आणि तुमचं निम्मं काम निसर्गानं केलेलं आहे.

उभी भोकं झाली की बहुतेक लोक थांबतात. तुम्ही थांबू नका. बुंध्याच्या बाजूनं, जमिनीच्या अगदी वर, तिरकी भोकं अशी मारा की ती आतल्या उभ्या भोकांना जाऊन भिडतील. सगळ्यांना नाही भिडली तरी चालेल, सहा-सात भिडली तरी पुरे. पावसात साचलेलं पाणी या वाटेनं निथळतं आणि हवा आत शिरते. झडीच्या दिवसांत बुरशी जिवंत ठेवणारं काम हेच. शिवाय उघड्या भोकांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, त्यामुळे कुठलंच भोक रिकामं आणि पाण्यानं भरलेलं राहता कामा नये.

खाऊ घालणं

उसाचं पाचट शेतात कुजवायची शिफारस आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असते: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. बुंध्यासाठी मी तोच हिशेब लावते. दीड फूट व्यासाचा बुंधा, जमिनीखालचा भाग धरून सव्वा फूट उंच मानला तर ते साधारण ६२ लिटर लाकूड झालं. वाळल्यावर त्याचं वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं. टनाला ८ किलो, तर चाळीस किलोला ३२० ग्रॅम. म्हणजे वर्षभरात तिनेकशे ग्रॅम युरिया. वीस भोकांत, वर्षातून चार वेळा वाटला तर दर भोकाला एका वेळी चहाचा एक लहान चमचा.

एवढाच. लोक किलो-दोन किलो ओततात. जास्त युरियातून अमोनिया सुटतो, ज्या बुरशीला खाऊ घालायचं तीच होरपळते, आणि उरलेला पाण्याबरोबर शेजारच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरतो. गाय, म्हैस, शेळी अंगणात येत असेल तर फार जपा: युरिया चाटल्यानं जनावराला विषबाधा होते. भोक बुजवल्याशिवाय तिथून हलू नका.

युरिया शेतीसाठी अनुदानावर मिळतो, दुकानात आधार दाखवून. एका बुंध्यासाठी ४५ किलोचं पोतं घेण्यात काही अर्थ नाही. गावाकडं शेती असेल तर तिथून डबाभर आणा. नसेल तर पाच-सहा किलो कुजलेलं कोंबडीखत वर्षभरात थोडं थोडं करून दिलं तरी तेवढंच नत्र मिळतं.

भोकं भरायला मात्र नुसता युरिया नको. खाली मूठभर कुजकं लाकूड चुरून घाला. शेताच्या बांधावर, जुन्या गोठ्यामागं पडलेल्या ओंडक्यावर पांढरे धागे पसरलेले दिसतात, तोच चुरा हवा; बुरशीचं बी त्यात तयार असतं. ते आणायला राधानगरी-दाजीपूरला जाऊ नका, अभयारण्यातून काहीही उचलून आणणं बेकायदा आहे. त्यावर चमचाभर युरिया, मग ओलं शेणखत दाबून भरा आणि वरून जीवामृत ओता.

जीवामृत बादलीभर पुरतं: २० लिटर पाण्यात १ किलो देशी गाईचं ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गूळ खायचा पिवळाधमक आणू नका, गुऱ्हाळावरचा काळा गूळ घ्या. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा; तीन-चार दिवसांत आंबूस वास येऊन फेस धरला की तयार. जीवामृतात मुख्यतः जिवाणू असतात. ते सालीचा आणि बाहेरच्या मऊ लाकडाचा फडशा लवकर पाडतात, आतलं लाकूड मात्र बुरशीच खाते. म्हणून कुजक्या लाकडाचा चुरा टाळून नुसतं जीवामृत घालू नका.

ट्रायकोडर्मा, म्हणजे शेतात वापरतात ती हिरवी बुरशी, घालावा का? पालापाचोळ्याला उत्तम, पण लाकडाला कठीणपणा देणारा भाग त्याला फारसा पचत नाही. आणि कुणी धिंगरी अळिंबीचं, म्हणजे ऑयस्टर मशरूमचं, बी आणून ताज्या बुंध्यात लावायचं ठरवलं, तर ट्रायकोडर्मा आणि युरिया दोन्ही लांब ठेवा. अळिंबी पिकवणाऱ्यांचा ट्रायकोडर्मा हा शत्रू. हिरवी बुरशी चढली की धिंगरी मरते. धिंगरी बुंधा झकास कुजवते, पण तो नुकताच तोडलेला पाहिजे. जुन्या बुंध्यात इतर बुरश्यांनी आधीच बस्तान बसवलेलं असतं.

झाकणं आणि वर्षभराची राखण

सगळ्यात चांगला मुहूर्त मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वळीव पडून गेल्यावर आणि मृगाच्या आधी. भोकं भरून झाली की बुंध्यावर पाण्यानं भिजवलेलं गोणपाट टाका, त्यावर वीतभर पाचट किंवा वाळका पाला आणि त्यावर मातीचा पातळ थर. वरचा आकार घुमटासारखा उतरता ठेवा म्हणजे मुसळधार पाऊस वरून ओघळून जाईल. बाजूची तिरकी भोकं मातीनं बुजली तर नाहीत ना, हे जुलैत दोन-तीनदा सळई घालून बघा. पंचगंगेच्या पुराचं पाणी ज्यांच्या अंगणात शिरतं, म्हणजे २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांनी ते पाहिलं, त्यांनी पूर ओसरल्यावर भोकांतला गाळ काढून पुन्हा शेणखत भरायचं. गाळ तसाच सुकला तर भोकं सिमेंटनं बुजवल्यासारखी बंद होतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा कुजण्याचा खरा हंगाम: ऊब आहे, ओल आहे, झड संपलेली आहे. तेव्हा युरियाचा दुसरा हप्ता आणि जीवामृत द्या. पुढचे दोन हप्ते साधारण तीन-तीन महिन्यांनी. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बादलीभर पाणी घालायला लागा, भांडी-धान्य धुतलेलं पाणीही चालतं, फक्त साबणाचं नको. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा. हे पाणी चुकलं की उन्हाळा वाया गेला समजा. काळं प्लॅस्टिक टाकायचं असेल तर पाचटावरून टाका आणि कडा मोकळ्या ठेवा, चारी बाजूंनी मातीत गाडू नका.

पाचटाच्या ढिगात विंचू, साप बसू शकतात. हात घालण्याआधी काठीनं हलवा, पायात बूट असू द्या. बुंध्यावर उगवलेली छत्री कितीही छान दिसली तरी खायची नाही. पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या अळंब्या वेगळ्या.

वाळवी आणि गेंडा भुंगा

बुंध्यात वाळवी लागली तर बुंध्याच्या दृष्टीनं ते चांगलंच, पण घराच्या दृष्टीनं नाही. घराच्या जोत्यावर, लाकडी चौकटींच्या कडेनं मातीच्या बारीक नळ्या चढताना दिसतात का, हे महिन्यातून एकदा बघा. चौकटी लाकडी असतील आणि बुंधा भिंतीला लागूनच असेल, तर कुजवण्यापेक्षा यंत्रानं तासून काढण्याचा पर्याय आधी शोधा. वाळवीचं औषध बुंध्यात ओतू नका. ते जोत्याच्या कडेला द्यायचं असतं, आणि तेही जाणकाराकडून.

नारळाचा बुंधा ही वेगळीच गोष्ट. त्याला फांद्यांसारखी जाड मुळं नसतात, नुसती तंतुमय मुळांची जुडी असते, आणि आतला गर मऊ असतो. तो पोखरून शेण भरलं की भराभर कुजतो. पण कुजणारं नारळाचं खोड आणि शेण म्हणजे गेंड्या भुंग्याची आवडती जागा. हुमणीसारख्या दिसणाऱ्या त्याच्या गुबगुबीत अळ्या तिथंच वाढतात आणि मोठा झालेला भुंगा शेजारच्या नारळाचा कोंब पोखरतो. आवारात दुसरी नारळाची झाडं असतील तर हा बुंधा कुजत ठेवू नका, तुकडे करून काढून टाका. ते शक्यच नसेल तर दर महिन्याला उकरून अळ्या वेचा आणि शेणखतात मेटारायझियम बुरशी मिसळा. ती या अळ्यांना रोग लावते.

काय घालू नये

मीठ नको. मिठानं बुंधा कुजत नाही, बुरशी मात्र मरते आणि माती नासते. शिरोळकडची क्षारपड रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोरचूद तर अजिबात नको: तांब्याचं ते मीठ द्राक्षबागेत बुरशी मारायला वापरतात आणि लाकूड टिकवण्याच्या औषधातही तांबंच असतं. मोरचूद घातलेला बुंधा कुजायचा सोडून टिकतो. हिंग घातला की बुंधा मरतो असं काही लोक सांगतात, त्यावर माझा विश्वास नाही. डिझेल, जळकं ऑइल, ॲसिड हे तीनही जमिनीत मुरतात आणि वर्षानुवर्षं तिथं काही धड उगवू देत नाहीत.

आग लावण्याचा सल्लाही हमखास मिळतो. वर विझलेली दिसली तरी आग मुळांतून जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहते आणि भलतीकडेच वर येते. गल्लीत वायरी, गॅसची लाइन, शेजाऱ्यांचं शेड आहे. दाट वस्तीत हा विचारच करू नका.

बुंधा उतरवणं

सहा महिन्यांनी झाकण उघडून सळई टोचून बघा. ताजं लाकूड सळईला परत फेकतं. कुजलेल्या लाकडात ती बोटभर सहज रुतते आणि आवाज 'टण' न येता 'भद्' येतो. आत पांढरं, तंतुमय, भिजल्या कापसासारखं लाकूड दिसो की तपकिरी चौकोनी तुकडे पडोत, दोन्ही कुजल्याच्याच खुणा. मऊ झालेला भाग टिकावानं किंवा छोट्या पहारीनं उकलून काढा, खाली जिथं कठीण लागेल तिथं नवी भोकं पाडून पुन्हा तोच खुराक द्या. असं थरानं उतरत जायचं. कुजलेलं लाकूड टाकून देऊ नका, कंपोस्टमध्ये घाला.

जमिनीखाली फूटभर उतरलात की पुरे. खालची मुळं आपली आपण कुजतील, आणि ती कुजताना जमीन खचेल, हे गृहीत धरून चाला. भिंतीखालून गेलेल्या जाड मुळाची जागा पोकळ होते. तिथं एकदम भराव न टाकता मुरूम आणि माती वीतभर थरानं भरा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं चोपा. पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, खचेल तेवढं खचू द्या, पुन्हा भरा, मग बसवा. काळ्या मातीत हे जास्तच पाळा, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते.

तिथंच झाड लावायचं असेल तर उरलेला लाकडाचा चुरा आधी काढून टाका. अर्धवट कुजलेलं लाकूड मातीतलं नत्र ओढून घेतं आणि नवं रोप पिवळं पडतं. जुन्या बुंध्याच्या जागी तेच झाड परत नको, त्याचे मूळकुजीचे रोग मातीत असतात. पहिली दोन वर्षं चवळी, वाल, अबोली असलं काहीतरी लावा, आणि कायमचं झाड त्यानंतरच्या मृगात, भिंतीपासून निदान दहा फूट सोडून.